काम झालं की विरघळणारा स्क्रू

१९०७ साली बेल्जियन शल्यचिकित्सक अल्बिन लाम्बोट यांनी पायाचं मोडलेलं हाड मॅग्नेशियमच्या प्लेटने जोडलं. प्लेट पक्की करायला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे वापरले. आठ दिवसांत प्लेटचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. शरीरातल्या खारट द्रवात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो, आणि अशा जोडीत झिजतं ते मॅग्नेशियम. विरघळून जाणाऱ्या प्लेटची लाम्बोट यांची कल्पना मात्र चांगली होती. हाड जुळल्यावर प्लेटचं काम संपतं, पण ती काढायला पुन्हा भूल आणि पुन्हा चिरफाड. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोचतो.

मॅग्नेशियम शरीराला परकं नाही. प्रौढ माणसाच्या अंगात ते साधारण २५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत. जादा झालेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. शिवाय पोलाद हाडापेक्षा कितीतरी ताठर असल्याने सगळा भार स्वतःवर घेतं, आणि भार न मिळालेलं हाड विरळ होत जातं. मॅग्नेशियमचा ताठरपणा हाडाच्या बराच जवळ आहे.

खरी अडचण वेगाची. मॅग्नेशियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. एका ग्रॅममागे जवळपास एक लिटर. सावकाश सुटला तर ऊती तो शोषून घेतात, भराभर सुटला तर पोकळ्या होतात. धातूवर हायड्रॉक्साइडचा थर जमतो खरा, पण रक्तातले क्लोराइड आयन तो टिकू देत नाहीत. लोह, निकेल किंवा तांब्याचा अंश राहिला तरी झीज भडकते. म्हणून धातू अतिशुद्ध करणं, त्यात झिंक, कॅल्शियम किंवा इट्रियमसारखं दुर्मिळ मृदा गटातलं मूलद्रव्य मिसळणं, वर लेप देणं असे उपाय केले जातात. हाड धरेपर्यंत, म्हणजे निदान काही आठवडे, ताकद टिकलीच पाहिजे. मला या संशोधनातलं सगळ्यात अवघड गणित हेच वाटतं. मॅग्नेशियमऐवजी लोखंड घ्यावं, तर ते फार हळू झिजतं. झिंक या दोघांच्या मधलं, पण शुद्ध रूपात कमकुवत.

२०१३ मध्ये एका जर्मन कंपनीच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. पायाच्या अंगठ्याचं वाकडेपण दुरुस्त करायला असे स्क्रू वापरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती काळसर कडा दिसते. ती बहुधा हायड्रोजनची असते, पण माहिती नसलेल्या डॉक्टरला संसर्गाची शंका येऊ शकते. तेव्हा आपल्याला कोणता स्क्रू बसवलाय, हे रुग्णाने पुढच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मांडीच्या हाडासारख्या मोठा भार पेलणाऱ्या हाडांच्या फ्रॅक्चरसाठी अजून टायटॅनियम आणि पोलादच वापरावं लागतं.