मस्कत ते गोवा, एका इंजिनावर

आज कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोऱ्या करकरीत सेस्ना १७२ चं, म्हणजे एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं, टाइप सर्टिफिकेट १९५५ सालचं आहे, क्रमांक ३ए१२. इंजिनं बदलली, घड्याळांच्या जागी स्क्रीन आले, पण कागद तोच राहिला. त्यात नवी मॉडेलं जोडली गेली, एवढंच. हा कागद आराखड्याचा असतो. हातात येणारं विमान त्या आराखड्याबरहुकूम बांधलंय याचा दाखला वेगळा, आणि देशाबाहेर विकायचं तर निर्यातीचा उड्डाणयोग्यता दाखला आणखी वेगळा. हे सगळं पाहून डीजीसीए, म्हणजे आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, भारतात नोंदणी देते आणि विमानावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरं चढतात.

एवढे दाखले मिळवलेलं विमान परदेशातून उडवत, मस्कतमार्गे गोव्याला आणायचं ठरलं, की ते वाटेत दाखल्याच्या बाहेर जातं. कारण इंधन.

हिशोब करून बघा. १७२एस या मॉडेलच्या पंखांत वापरता येण्याजोगं पेट्रोल सुमारे २०० लिटर मावतं आणि तासाला साधारण ३४ लिटर जळतं, म्हणजे सहा तासही पुरत नाही. मस्कतहून गोवा सरळ रेषेत सुमारे १,८६० किलोमीटर. ११० नॉट (ताशी सुमारे २०० किलोमीटर) वेग धरला तर वारा नसताना नऊ तास. पण विमानं आणायला सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा अरबी समुद्रावर खालच्या थरांत वारा ईशान्येचा, म्हणजे बराचसा डाव्या बाजूने आणि थोडा समोरून. सावधगिरी म्हणून वाऱ्याने २० नॉट खाल्ले असं धरलं की अकरा तास, ३८० लिटर. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा थोडाफार मागून लागेल, पण त्या ढगांत एका इंजिनाचं विमान घेऊन कोणी शहाणा शिरत नाही. वर तीन तासांचा साठा धरला तर ४८० लिटर झाले. पंखांबाहेरचे हे २८० लिटर मागच्या सीटा काढून, तिथे बसवलेल्या टाकीत भरतात.

आता वजन. रिकामं विमान सुमारे ७६५ किलो, पंखांतलं पेट्रोल १४४, वैमानिक आणि तराफा, रेडिओ वगैरे १२०, टाकीतलं पेट्रोल २०२. बेरीज १,२३१ किलो. (टाकी आणि पंपाचं वजन काढलेल्या सीटांच्या वजनात जिरलं असं समजू.) परवानगी १,१५७ किलोंची. म्हणजे सहा टक्के जास्त. साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत अशी सूट मिळते, पण ती फुकटची नसते. नॉर्मल वर्गातलं, म्हणजे कसरतींसाठी नसलेलं, विमान ३.८ जी (वजनाच्या ३.८ पट) भार सोसेल असं बांधलेलं असतं आणि त्यावर दीडपट राखीव ताकद असते. वजन सहा टक्के वाढलं की तोच सांगाडा ३.६ जीच्या आसपासच मर्यादेला टेकतो, आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, तीन टक्क्यांनी वर सरकतो. चढण्याचा वेग तर डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. टाकी मागे असल्याने गुरुत्वमध्यही मागे जातो, म्हणून वजनाआधी तो तपासायचा.

अशा अवस्थेत विमान विशेष उड्डाण परवान्यावर चालतं. हा परवाना पूर्ण दाखल्याची जागा घेत नाही, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक देशाची वेगळी संमती लागते. रखडतं ते बहुतेकदा इथेच. एका देशाचं पत्र आठवडाभर उशिरा आलं की आधीच्या दोघांची मुदत संपलेली असते. म्हणूनच पुष्कळ जण मस्कतहून थेट गोव्याऐवजी सुमारे १,४६० किलोमीटरवरच्या अहमदाबादला उतरतात, कस्टम्स तिथेच उरकतात आणि पुढचा टप्पा कमी पेट्रोल भरून, विमान हलकं ठेवून करतात.

जादा टाकीतून पेट्रोल पंपाने पंखात घ्यायचं असतं. दोन चुका नेहमीच्या. पंखाची टाकी पुरेशी रिकामी होण्याआधी पंप चालू केला, तर पेट्रोल व्हेंटमधून, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीतून, बाहेर सांडतं. एव्हीगॅस १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, त्यामुळे उतरल्यावर पंखाखाली निळा ओघळ दिसला की समजावं. दुसरी चूक जास्त घातक: जादा टाकीचा व्हेंट तुंबला तर आत पोकळी तयार होते, पंप फिरत राहतो आणि पेट्रोल येत नाही. त्यामुळे पंखात जागा होताच, परत फिरण्याइतकं पेट्रोल पंखांत असतानाच, पंपाची चाचणी घ्यायची. समुद्राच्या मध्यावर ती घेऊन काही उपयोग नाही.

नऊ हजार फुटांवर व्हीएचएफ रेडिओ सुमारे २१५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो. पुढे लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ, नाहीतर जवळून जाणाऱ्या मोठ्या विमानामार्फत निरोप. परदेशी वैमानिक सोबत सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र ठेवतात. भारतात परवानगीशिवाय थुराया, इरिडियम या उपग्रह सेवांची उपकरणं बाळगणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सापडलेल्या परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. प्रवासाला निघण्याआधी या परवानगीचेही कागद करून घ्यावेत. हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक वेगळा घ्यावा लागतो. दाबोळीला उतरायचं तर धावपट्टी नौदलाची, तेव्हा त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मोपाला ती अडचण नाही.

दुसरा मार्ग विमान सुटं करून कंटेनरने जहाजातून आणण्याचा. चाळीस फुटी हाय क्यूब कंटेनरचं दार सुमारे २.३४ मीटर रुंद आणि २.५८ मीटर उंच. १७२ ची शेपूट २.७२ मीटर उंच, आडवी शेपटी ३.४५ मीटर रुंद. म्हणजे पंखांबरोबर शेपटीही सोडवावी लागते आणि इथे पुन्हा जोडून सगळ्या केबलींचा ताण मोजावा लागतो. खोक्यांच्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवल्याची ती खूण. शिक्का नसेल तर विमान ठीक असूनही माल बंदरात अडकतो.

विमान उडवत आणलं असेल तर आल्यावर जादा टाकी काढायची, नळ्यांची तोंडं बंद करायची, विमान पुन्हा वजनकाट्यावर चढवायचं आणि नोंदी लॉगबुकात करायच्या. ४०६ मेगाहर्ट्झच्या आपत्कालीन ट्रान्समीटरचा कोड हमखास विसरला जातो. तो विकणाऱ्या देशाचाच राहिला, तर मांडवीच्या मुखाशी पडलेल्या विमानाचा इशारा उपग्रहावरून आलेले असे इशारे हाताळणाऱ्या बंगळूरच्या केंद्राऐवजी आधी परक्या देशाच्या नोंदीत शोधला जाईल. भारताचा कोड ४१९. रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या ट्रान्सपॉन्डरचा २४ बिटांचा पत्ताही नव्या नोंदणीप्रमाणे बदलावा लागतो, आणि तो आपल्याकडे ८ ने सुरू होतो.

डीजीसीएच्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत विमान उभं राहतं, आणि किनाऱ्याची खारी हवा तेव्हाच काम करते. या विमानाच्या लायकॉमिंग इंजिनात झडपा हलवणारा कॅमशाफ्ट हा प्रोपेलर फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर असतो. तेल ओघळून गेलं की त्याच्यावर गंज धरतो. अधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालवणं हा त्यावरचा लोकप्रिय आणि चुकीचा उपाय. तेल पुरेसं तापत नाही, ज्वलनातलं पाणी आतच राहतं. महिनाभर थांबायची शक्यता दिसली, तर तेल काढून संरक्षक तेल भरावं, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावावेत आणि त्यांचा निळा रंग गुलाबी झाला की बदलावेत. प्रोपेलर हाताने फिरवून बघण्याचा मोहही टाळावा, कारण त्याने सिलिंडरच्या भिंतीवर उरलेला तेलाचा थर पुसला जातो.