फ्यूकॉयडान आणि रसायनोपचारातील थकवा

फ्यूकॉयडान ही तपकिरी समुद्रशैवलांच्या पेशीभित्तीत आढळणारी, फ्यूकोज शर्करा व सल्फेट गट असलेली बहुशर्करा होय. ओल्या शैवलावर हात फिरवल्यास लागणारा बुळबुळीतपणा काही अंशी हिचाच. केमोथेरपी घेणाऱ्या कर्करुग्णाचा थकवा झोपेने वा विश्रांतीने जात नाही. फ्यूकॉयडान पूरक म्हणून दिल्यास तो टळतो काय, हे चाचण्यांतून तपासले गेले आहे.

शोधाचे श्रेय सामान्यतः स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञ हाराल्ड क्युलिन यांना (१९१३) देतात. त्यांनी दिलेले नाव ‘फ्यूकॉयडिन’ असे होते. बहुशर्करांच्या नामसंकेतानुसार पुढे ‘फ्यूकॉयडान’ रूढ झाले. घडणीबाबत मात्र दीर्घकाळ मतभेद होता. पर्सिव्हल व रॉस (१९५०) यांनी फ्यूकोजचे दुवे प्रामुख्याने १→२ (एका शर्करेचा पहिला कार्बन पुढच्या शर्करेच्या दुसऱ्या कार्बनशी जोडलेला) मानले. पाटणकर व सहकारी (१९९३) यांनी फ्यूकस व्हेसिक्युलोसस या तपकिरी शैवलाच्या द्रव्याची फेरतपासणी करून ते १→३ असल्याचे मांडले. त्यानंतर काही जातींत १→३ व १→४ दुवे आलटून-पालटून येतात असे दिसले. हे शेवटचे मत अधिक ग्राह्य वाटते, पण तेही सर्व जातींना लागू नाही. रेणुभार, सल्फेटचे प्रमाण व इतर शर्करा जातीनुसार आणि काढण्याच्या पद्धतीनुसार बदलतात. ‘फ्यूकॉयडान’ हे एका पदार्थाचे नव्हे, कुलाचे नाव आहे. चाचण्यांची तुलना करताना ही बाब वारंवार निसटते, हे खेदजनक आहे.

थकव्यासंबंधी सर्वाधिक उल्लेखिली जाणारी चाचणी जपानमधील इकेगुची व सहकारी यांची (२०११). मोठ्या आतड्याचा, शस्त्रक्रियेने काढता न येणारा वा उलटलेला कर्करोग असलेल्या २० रुग्णांपैकी १० जणांना केमोथेरपीसोबत रोज १५० मिलि. द्रवातून ४·०५ ग्रॅम फ्यूकॉयडान सहा महिने दिले. थकवा नियंत्रण गटात ६०%, तर या गटात १०% रुग्णांना आला. म्हणजे दहांत सहा आणि दहांत एक. जुलाब, मज्जातंतूंवरील विषाक्तता व अस्थिमज्जेची मंदावलेली क्रिया यांत फरक पडला नाही. नियंत्रण गटाला केवळ केमोथेरपी होती. थकवा रुग्णाला विचारूनच कळतो. आपण काही जादा घेत आहोत हे ठाऊक असल्यास उत्तर बदलू शकते. म्हणून हा निष्कर्ष आशादायक, पण अपुरा मानावा.

तैवानमधील दुहेरी-अंध चाचणीत (२०१७), म्हणजे कोणाला काय मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या चाचणीत, ५४ रुग्णांना अल्परेणुभारी फ्यूकॉयडान वा निष्क्रिय चूर्ण दिले. रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण पूरक गटात अधिक होते (९२·८% विरुद्ध ६९·२%). दुष्परिणाम व जीवनमान यांत लक्षणीय फरक नव्हता.

फ्यूकॉयडानात हेपॅरिनसारखा रक्त गोठू न देण्याचा गुण आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कोकण किनाऱ्यावरील खडकांवर वाढणारे सरगॅसमही तपकिरी शैवल आहे; पण त्यातील फ्यूकॉयडानाची घडण वेगळी असल्याने वरील निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत.