नीडल नंतर, आधी पंप: मॉडेल विमानाच्या कार्बमागची गोष्ट

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, कोणी मॉडेल विमानासाठी सेकंडहँड ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला, नीडल, म्हणजे फ्युएल कमी-जास्त करणारी सुई, किती आटे उघडू? सांगणारेही भरपूर, कोणी दीड म्हणतो कोणी अडीच. पण त्या इंजिनला फ्युएल कशाच्या जोरावर येतंय हे कोणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

जुन्या स्कूटरच्या कार्बमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरमध्ये, फ्लोट हा तरंगणारा भाग असायचा, तो पेट्रोलची लेव्हल धरून ठेवायचा. पण फ्लोटचं सगळं काम वजनावर चालतं, त्यामुळे विमानाने झटकन नाक खाली घातलं की क्षणभर वजनच उरत नाही, आणि संपलंच. मोठ्या विमानांनाही हे भोवलंय. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन नेमकं असं नाक खाली घातलं की ठसकायचं, आधी उपाशी राहायचं आणि पाठोपाठ पंप इतकं पेट्रोल ढकलायचा की कार्ब तुंबायचा. समोरच्या जर्मन मेसरश्मिटला कार्बऐवजी फ्युएल इंजेक्शन, तो आरामात नाक खाली करून सटकायचा, आणि ब्रिटिश पायलटला मागे जायचं तर आधी विमान उलटं करून मग ओढावं लागायचं. बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९४१ च्या सुरुवातीला पेट्रोलच्या लाइनमध्ये मोजून भोक पाडलेला एक छोटासा धातूचा तुकडा बसवला, इंजिनला जास्तीत जास्त लागेल तेवढंच त्यातून जाईल असा. पूर्ण इलाज नव्हता, पण तुंबणं थांबलं. इतका स्वस्त आणि इतका हुशार जुगाड मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मॉडेलवाल्यांनी फ्लोटचा नादच सोडला. १९३० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन ज्युनिअर इंजिन आलं त्यात स्पार्क प्लग, कॉइल, बॅटरी असं सगळं ओझं होतं, पण फ्युएलसाठी फक्त एक नळी आणि सुई. मग १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला, प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीत आपणच लाल राहते, त्यामुळे एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. वजन गेलं, पण भूक वाढली. पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४ च, म्हणजे तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त फ्युएल. वर त्यात एरंडेल, जे सुकलं की सगळीकडे चिकटून बसतं.

आपल्याकडे तेव्हा इम्पोर्टची बोंब, त्यामुळे कलकत्त्याला बनणारी मिल्स या ब्रिटिश मॉडेल डिझेल इंजिनची देशी कॉपी चालायची, ईथर, रॉकेल आणि एरंडेलवर. ते वेगळंच प्रकरण, असो.

कंट्रोल लाइनमध्ये, म्हणजे तारांनी धरून गोल उडवायच्या विमानांत, बहुतेक इंजिनं एकाच स्पीडला पळायची, त्यामुळे एक सुई पुरायची. रेडिओ कंट्रोल आला तसा थ्रॉटल आला, आयडलची, म्हणजे मंद चालण्याची, वेगळी अ‍ॅडजस्टमेंट आली. पॉवर हवी म्हणून कार्बचं तोंड मोठं केलं की फ्युएल खेचणारी ओढ कमी पडते, आणि ओढ कमी म्हणजे टाकी दोन बोटं वर-खाली झाली तरी मिक्स्चर बदलतं. मधेच आवाजाच्या तक्रारींमुळे सायलेन्सर लावावे लागले, तर लोकांनी त्यालाच एक निपल बसवून ते प्रेशर टाकीत सोडलं. शेजाऱ्यांच्या कटकटीतून झालेला हा एकमेव फायदा असावा.

तरीही टाकी इंजिनपासून लांब, विमानाच्या मध्यावर ठेवायची तर हे प्रेशर कमीच. म्हणून पंप. पेरीचा एक पंप इंजिनच्या थरथरीवर चालतो, त्याचं प्रेशर ठरवायला वेगळा स्क्रू. जपानच्या वायएस कंपनीने क्रँककेसचं, म्हणजे इंजिनच्या पोटातलं, प्रेशर थेट टाकीत भरलं आणि कार्बपाशी रेग्युलेटर ठेवला, मागेल तेवढंच आत सोडणारा. आता अशा इंजिनची टाकी बुचापाशी जरा जरी लीक असेल तर नीडल जन्मभर फिरवा, दर फ्लाइटला सेटिंग वेगळं येणार.

मोठ्या पेट्रोल इंजिनांवर जो वॉल्ब्रो कार्ब दिसतो तो मूळचा चेनसॉच्या घराण्यातला. झाड कापताना करवत आडवी-उलटी होतेच, त्यामुळे तिथे हा प्रश्न आधीच सुटला होता. एका बाजूला पंपाचा डायाफ्राम (लवचीक पडदा), क्रँककेसच्या धडधडीवर हलणारा, दुसऱ्या बाजूला मोजून देणारा. एल स्क्रू आयडल आणि पिकअपसाठी, एच फुल थ्रॉटलसाठी. इंजिन गरम करून आधी एल, मग एच, मग परत एल, कारण फुल थ्रॉटललाही थोडं फ्युएल एलच्या वाटेने येतं.

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्यात जमवलेलं सेटिंग डिसेंबरच्या गार सकाळी लीन जातं, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी पडतं, हवा दाट असते म्हणून, तेव्हा थोडं उघडावं लागतं. हल्ली पेट्रोल पंपावर ई-२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल असल्याने तेही जरा लीनकडेच नेतं. वर ते पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर कार्बमध्ये तसंच राहिलं तर गणपतीनंतर उघडल्यावर डायाफ्राम कडक झालेला सापडू शकतो, आणि मग एल-एच कितीही फिरवलं तरी उपयोग नाही, किटच बदलावं लागतं.