चौकोन फिरला आणि शंकरपाळी झाला

कागदाचा एक चौरस कापा आणि चार-पाच वर्षांच्या मुलापुढे ठेवा. ‘चौकोन’ असं उत्तर लगेच येईल. आता तोच कागद फिरवून टोकावर उभा धरा. बरीच मुलं सांगतील, ‘शंकरपाळी!’ बाजू त्याच, कोन तेच, पण मुलाच्या लेखी वस्तूच बदलली.

नेदरलँड्समधल्या पिएर आणि डीना व्हॅन हीले या शिक्षक जोडप्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांतून भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. अगदी पहिल्या पायरीवर मूल आकार ओळखतं ते रूपावरून. बाजू-कोन मोजणं पुढचं. त्यात पुस्तकातला त्रिकोण कायम तळ टेकवून ऐटीत बसलेला. मग उलटा किंवा काटकुळा त्रिकोण मुलं त्रिकोण मानायलाच तयार होत नाहीत. मला विचाराल तर हा दोष चित्रं काढणाऱ्यांचा.

पण मनीमाऊ उताणी लोळली तरी याच मुलाला ती मनीमाऊच वाटते! हे धरून रंगीत कागदांची मांजर मांडा: कान त्रिकोणी, डोकं गोल, पोट चौरस, शेपूट म्हणजे एक लांबट, काटकुळा त्रिकोण. आता तिला कोलांटी मारायला लावा. कान खाली आले, तरी ते कानच आणि त्रिकोणच. पोट तिरकं झाल्यावर कुणी शंकरपाळी म्हणालंच तर म्हणू द्या. मांजर पुन्हा उभी करा, एवढंच. भिंतीवरच्या तक्त्यात ‘मांजर म्हणजे त्रिकोण’ असं एकाला एक जोडून टाकतात, त्यात ही गंमत मिळत नाही.

मुलं मोठी झाली की कासव घ्यावं. अमेरिकेत १९६७ साली सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरझिग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. पुढे तिच्या आज्ञा पाळणारं कासव आलं. आधी जमिनीवर चालणारं यंत्र, मग पडद्यावरचं. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असं चारदा सांगितलं की त्याच्या वाटेचा चौरस होतो.

संगणक नसला तरी अडत नाही. अंगणात एकाने कासव व्हायचं, दुसऱ्याने हुकूम सोडायचे, तिसऱ्याने खडूने वाट आखायची. खरी मजा समभुज त्रिकोणात आहे. त्याचा आतला कोन ६० अंशांचा, म्हणून मुलं ‘६० वळ’ सांगतात आणि कासव भलतीकडेच निघतं. कारण वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंश. निघालेल्या जागी, निघालेल्या दिशेलाच तोंड करून परतायचं तर एकूण ३६० अंश वळावं लागतं. त्रिकोणात ते तीन वळणांत वाटले जातात.

आणि ६० चा हट्ट सोडलाच नाही तर? कासव सहा बाजू चालून घरी येतं. खऱ्या कासवाची पाठ वरून पाहा: मधल्या रांगेतले खवले साधारण याच आकाराचे असतात.