'पाणंद' आणि 'शेतरस्ता' : एका तिरक्या रेघेची पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली पाणंद, म्हणजेच विदर्भातली पांधण, ही दोन्हीकडच्या शेतांच्या बांधांमधून जाणारी, बैलगाडीपुरती रुंद आणि पावसाळ्यात ओढ्यासारखी वाहणारी वाट होय. ब्रिटिशकालीन मोजणीत अशा वाटा गाव नकाशावर उतरल्या. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची (आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग) होती आणि तिच्या चौरसालाच आपण आजही गुंठा म्हणतो. गाडीवाटेची म्हणून सांगितली जाणारी साडेसोळा फुटांची रुंदी ही अर्धी साखळी, तर पायवाटेची सव्वाआठ फूट ही पाव साखळी असते.

खरा गुंता नंतरचा आहे. नकाशावर असलेली पाणंद सार्वजनिक असते. ती कुणी नांगरून शेतात घेतली, तर प्रश्न अतिक्रमणाचा असतो. याउलट, ज्याच्या शेताला वाटच नाही त्याने १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज केल्यास तहसीलदार इतरांच्या बांधावरून जाण्याचा हक्क ठरवून देतात आणि तो खासगी जमिनीवरचा हक्क असतो. वहिवाटीची वाट अडवली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, हा तिसराच मार्ग. गावात मात्र या तिन्ही प्रकरणांना सरसकट 'पाणंदीचं भांडण' म्हणतात, आणि तालुक्याला कोणत्या कलमाखाली अर्ज करायचा याचा घोळ बहुधा तिथेच सुरू होतो.

बोलण्यातली ही सरमिसळ पुढे सरकारी कागदावरही आली. २०१८ आणि २०२१ च्या योजनांच्या नावांत 'शेत/पाणंद रस्ते' असा जोडशब्द वापरला गेला. निधी एकत्र करण्यासाठी ती तिरकी रेघ सोयीची होती, हे मान्य करावे लागेल. पण नकाशावर आधीपासून असलेली वाट आणि नव्याने मागितलेली वाट यांतला फरक तिने पुसट केला, आणि मूळची पाणंद गिळून बसलेल्यालाही जणू आपलीच जमीन रस्त्याला जाते आहे असे म्हणायला जागा मिळाली.

२०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची रुंदी किमान तीन ते चार मीटर असावी आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असे ठरवले. अर्धी साखळी मात्र पाच मीटरच्या किंचित वर भरते. त्यामुळे नकाशावरच्या गाडीवाटेला हेच नवे माप लावले, तर तिची मीटरभर तरी रुंदी बांधाला मिळून जाईल.