जीपीआयओ पिनांचे नियंत्रण

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक. त्याच्या काही पायांचे काम चिप बनवतानाच ठरलेले असते: वीज, ग्राउंड, रिसेट (चिप पुन्हा सुरुवातीपासून चालू करणे). उरलेल्या पायांचे काम प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. या पायांना जीपीआयओ पिना म्हणतात. पूर्ण नाव ‘जनरल पर्पज इनपुट आउटपुट’. आज जिच्यावर बटण वाचले त्याच पिनेवर उद्या रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, ओढता येतो.

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेच्या काठाने उसाला पाणी देणाऱ्या मोटरी, इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री हा सगळा पसारा विजेवर चालतो, आणि शेतीची वीज तर पाळीनेच येते. त्यामुळे इथे पिनांचा विचार करताना एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा लागतो: लाईट आल्याच्या पहिल्या क्षणी, प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधी, पिन काय करत असते? पाठ्यपुस्तकात याला जेमतेम दोन ओळी मिळतात. या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

आधी नेहमीचे काम. पिनेबाबत तीन गोष्टी हाताळायच्या असतात: तिची दिशा, तिच्यावर काय लिहायचे आणि तिच्यावरून काय वाचायचे. आर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डावर असणाऱ्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये अशा २३ पिना असून त्या बी, सी आणि डी या तीन पोर्टांत वाटलेल्या आहेत. प्रत्येक पोर्टाला तीन रजिस्टरे, म्हणजे चिपमधल्या बिटांच्या छोट्या कोठ्या: ‘डीडीआर’ दिशेसाठी, ‘पोर्ट’ याच नावाचे लिहिण्यासाठी, ‘पिन’ नावाचे वाचण्यासाठी. बोर्डावर १३ क्रमांक छापलेली पिन म्हणजे बी पोर्टाचा ५ क्रमांकाचा बिट, मोजणी शून्यापासून. त्या पोर्टाच्या डीडीआरमध्ये हा बिट १ केला की पिन आउटपुट होते. मग पोर्ट रजिस्टरात १ लिहिला की तिच्यावर ५ व्होल्ट, ० लिहिला की शून्य. पिन इनपुट असताना पोर्टात १ लिहिला तर आतला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे पिनेला १ कडे ओढून ठेवणारा, जोडला जातो. त्याची किंमत २० ते ५० किलोओहम, म्हणजे ओढ तशी हलकीच.

एका पोर्टात आठपर्यंत पिना असल्याने शेजारच्या पिनांना धक्का न लावता एकच बदलायची असते. त्यासाठी रजिस्टर वाचायचे, ऑर किंवा अँड ही बिटांवरची क्रिया करून एक बिट बदलायचा आणि परत लिहायचे. या तीन पायऱ्यांच्या मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवून मधेच चालणारा तातडीचा प्रोग्रॅम) आला आणि त्याने त्याच पोर्टातली दुसरी पिन बदलली, तर परत लिहिताना त्याचा बदल पुसला जातो. हा दोष दिवसातून एखादाच वेळ दिसतो आणि पकडायला गेले की सापडत नाही. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या मालिकेत त्यावर बीएसआरआर नावाचे रजिस्टर दिले आहे: खालच्या १६ बिटांपैकी ज्यात १ लिहाल ती पिन चढते, वरच्या १६ पैकी ज्यात लिहाल ती उतरते, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. वाचण्याची पायरीच नाही, त्यामुळे मधे घुसायला जागा उरत नाही. जिथे अशी सोय आहे तिथे ती न वापरणे हा निष्काळजीपणा मानावा.

आता तो पहिला क्षण. नदीवरच्या मोटरीचे उदाहरण घेऊ. लाईट कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून स्टार्टरशेजारी ऑटोची पेटी बसवतात. लाईट आली की पेटी तिन्ही फेज तपासते, दोन-तीन मिनिटे थांबते आणि मग हिरव्या बटणाला समांतर जोडलेला रिले क्षणभर ओढते. मोटर सुरू होते. हे थांबणे गरजेचे असते. काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. शिवाय अंधारात कुणी कपलिंगपाशी, म्हणजे मोटर आणि पंप यांच्या सांध्यापाशी, हात घालून बसला असेल, तर ती दोन मिनिटे त्याच्यासाठी असतात.

अशा पेटीत ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे असे समजा. १९८० साली इंटेलने आणलेली ही रचना अजूनही इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या लॅबमधून शिकवली जाते. रिसेटच्या काळात तिच्या चारही पोर्टांच्या सगळ्या ३२ पिना १ वर असतात. पेटीतला रिले ‘१ दिला की ओढला’ असा जोडला असेल, तर प्रोग्रॅममध्ये १८० सेकंदांचा विलंब अगदी बरोबर लिहूनही लाईट येताक्षणी टक असा आवाज होतो आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला मोटरीला वीज जोडणारा मोठा स्विच, बसतो. रिसेटसाठी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर लावायची जुनी पद्धत आहे. तेवढ्याने रिसेट सेकंदाच्या दहाव्या भागाइतका टिकतो, आणि छोट्या रिलेला ओढायला १० मिलिसेकंद पुरतात. कॉन्टॅक्टर एकदा बसला की त्याचा होल्डिंग कॉन्टॅक्ट त्याला धरून ठेवतो. मग प्रोग्रॅमने जागे होऊन पिन शून्य केली तरी मोटर थांबत नाही. प्रोग्रॅम शंभरदा वाचला तरी त्यात चूक सापडणार नाही, कारण ती प्रोग्रॅममध्ये नाहीच.

उपाय जोडणीत आहे: ‘० दिला की ओढला’ अशी उलटी जोडणी करायची. पीसी८१७ सारख्या ऑप्टोकपलरचा (प्रकाशातून संकेत पुढे देणारा भाग; त्याच्या पलीकडे रिले) एलईडी रेझिस्टरमधून ५ व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये बसवला की पिन १ असताना तो विझलेला राहतो. ८०५१ ला हेच मानवते. तिची पिन १ वर असताना जेमतेम काही मायक्रोअँपिअर देऊ शकते. शून्यावर असताना मात्र एटी८९एस५२ सारख्या चिपची पिन १० मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढून घेते.

सगळ्या चिपांना मात्र हाच नियम लागू करू नये. एटीमेगाच्या पिना रिसेटनंतर इनपुट असतात आणि कशालाच बांधलेल्या नसतात, म्हणजे तरंगत्या. तिथे ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून त्याला ग्राउंडकडे बांधून ठेवावे लागते. उलट्या जोडणीचा रिले बोर्ड लावला असेल तर क्रमही महत्त्वाचा: आधी पोर्टात १ लिहायचा, मग पिनेला आउटपुट करायचे. आधी दिशा बदलली तर मधल्या क्षणी पिनेवर ० येतो. तेवढ्याने रिले ओढला जाईलच असे नाही, पण दोन ओळींत विलंब असला तर नक्की ओढला जातो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तर लिनक्स ही त्याची कार्यप्रणाली उठायलाच कितीतरी सेकंद लागतात. त्या काळात जीपीआयओ ० ते ८ या पिना आतल्या रेझिस्टरने वर ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली. ‘१ दिला की ओढला’ असा रिले असेल तर दुसऱ्या गटातली पिन निवडावी. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट सहन करत नाहीत, हेही तिथे विसरून चालत नाही.

आउटपुट पिनेची ताकद किती, हे एकदा हिशेब करून पाहावे. एटीमेगाच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, सगळ्या चिपची मिळून २००; रोजच्या वापराला २० च्या पुढे जाऊ नये. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉईल ४०० ओहमची धरली तर तिला ३० मिलिअँपिअर लागतात, आणि तेही १२ व्होल्टवर. म्हणून मधे बीसी५४७ ट्रान्झिस्टर किंवा सात कॉईली हाकणारी यूएलएन२००३ ही चिप लागते. ट्रान्झिस्टर लावल्यास कॉईलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच; रिले सुटताना कॉईल जो उलटा झटका देते तो त्यातून निघून जातो. यूएलएनमध्ये हे डायोड आतच असतात.

इनपुट म्हणजे सोपे काम असे वाटते, पण यंत्रमागावर ते तसे राहत नाही. प्रत्येक पिकाला, म्हणजे आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला, एक स्विच दाबला जाऊन काउंटर पुढे सरकतो. स्विचचा पत्रा बसताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि मायक्रोकंट्रोलर त्या थरथरीतले प्रत्येक टेकणे वेगळे मोजू शकतो. पिकांवर मजुरीचा हिशेब असेल तर हा आकडा कुणाच्या तरी पगारात उतरतो. मिनिटाला १५० पिक टाकणाऱ्या मागावर दोन पिकांमध्ये ४०० मिलिसेकंद असतात, तेव्हा एक पिक मोजल्यावर २० मिलिसेकंद पिनेकडे दुर्लक्ष केले तरी काही निसटत नाही.

फाउंड्रीत इनपुटची जोडणी वेगळ्या काळजीने करतात. इंडक्शन भट्टीची कॉईल पाण्याने थंड ठेवलेली असते. पाणी थांबले की कॉईल जळते, आणि वितळलेल्या धातूची पाण्याशी गाठ पडली तर स्फोट होतो. फ्लो स्विच असा जोडावा की पाणी वाहताना तो मिटलेला राहून पिनेला ग्राउंडवर धरेल, आणि पिनेला पुल-अप द्यावा. मग ० म्हणजे पाणी चालू. पाणी थांबले तरी १, वायर तुटली तरी १, आणि दोन्ही वेळा भट्टी बंद. उलट जोडले तर तुटलेली वायर ‘सगळे ठीक’ असे सांगत राहील. एवढे करूनही भट्टीची सुरक्षा एकट्या पिनेवर सोडू नये. तोच स्विच रिलेमार्फत थेट कॉन्टॅक्टरच्या कॉईललाही तोडू शकला पाहिजे.

व्होल्टेज पूर्ण न जाता खाली-वर होते तेव्हा आणखी एक प्रकार घडतो. चिप अर्धवट चालते, रिसेट होते, पुन्हा उठते. पिना त्याबरोबर उड्या मारतात आणि कॉन्टॅक्टर थरथरून त्याचे पॉइंट जळतात. एटीमेगात यासाठी ब्राउन-आउटची, म्हणजे कमी व्होल्टेज ओळखण्याची, सोय असून ती ४.३ व्होल्टवर लावली की त्याखाली चिप सरळ रिसेटमध्ये थांबते. पिना तेव्हा पुन्हा तरंगत्या होतात, म्हणजे ग्राउंडकडे बांधणारा तो १० किलोओहमचा रेझिस्टर इथेही लागतोच.

पेटी तयार झाली की मोटरीला जोडण्याआधी रिलेच्या कॉन्टॅक्टवर एक साधा दिवा लावावा आणि मेन स्विच वीस-पंचवीस वेळा पाडून चढवावा: कधी सावकाश, कधी भराभर, कधी अर्ध्यावर अडकवून. नजर दिव्यावर ठेवावी. ठरलेल्या वेळेआधी तो एकदा जरी लुकलुकला, तरी पेटी परत टेबलावर घ्यावी.