ओठ जिभेने ओले करू नका

ओठ सुकले की जीभ आपोआप त्यांच्यावर फिरते. हे कुणाला शिकवावं लागत नाही. ओठ ओले होतात, क्षणभर बरं वाटतं आणि थोड्याच वेळात ते पुन्हा ओढल्यासारखे होतात, आधीपेक्षाही कोरडे. मग पुन्हा जीभ. उललेल्या ओठांबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती: ही सवय सुटल्याशिवाय कुठलंही मलम पुरं पडत नाही.

असं का होतं ते ओठांच्या घडणीत दडलं आहे. गालाची त्वचा आणि ओठाचा लाल भाग शेजारी-शेजारी असले, तरी त्यांच्यात मोठा फरक आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या, केराटिनने (नखं-केसांत असतं त्या चिवट प्रथिनाने) भरलेल्या पेशींचा असतो. शरीरातलं पाणी आत राखण्याचं काम तोच करतो. ओठांवर हा थर फारच पातळ असतो. ओठ लाल दिसतात तेही त्यामुळेच. त्यात मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, कमी असेल, तर खालच्या केशवाहिन्यांतलं रक्त अधिकच झळकतं. ओठांच्या लाल भागावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तैलग्रंथीही जवळपास नाहीत. बाकी चेहऱ्याला दिवसभर आपोआप तेलकट लेप मिळत राहतो, ओठांना मिळत नाही. त्यामुळे ओठांतून पाणी सतत, आणि गालापेक्षा कितीतरी जास्त वेगाने, हवेत उडत असतं.

आता त्यावर लाळ लावली की काय होतं ते पाहा. लाळ म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. वरचा पातळ थर ते शोषून फुगतो. पाणी उडालं की आकसतो. असं दिवसातून पन्नास वेळा फुगून-आकसून पेशींमधली पकड सैल होते आणि पापुद्रे सुटू लागतात. त्यात लाळेत पचनासाठी लागणारी विकरंही (एन्झाइम्स) असतात. तोंडाच्या आत ती कामाची, पण चिरलेल्या ओठावर झोंबणारी. काही लहान मुलांच्या तोंडाभोवती लालसर, खरखरीत कडं दिसतं. नीट पाहिलं तर ते जीभ पोचते तिथवरच असतं. अशा मुलाला रागावू नये. बहुतेकदा त्याला आपण ओठ चाटतो हे कळतही नसतं. ओठांवर आणि त्या कड्यावर जाडसर, बिनवासाचं मलम लावून ठेवावं, म्हणजे लाळ कातडीपर्यंत पोचत नाही.

थंडीत ओठ जास्त का फुटतात, याचं उत्तर हवेत आहे. शून्य अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच्या आसपास. बाहेरची गार हवा घरात येऊन तापली की तिच्यातलं बाष्प तेवढंच राहतं, पण तहान तिपटीहून वाढते. ती तहान ओठांसारख्या उघड्या, ओल्या जागांवर भागते. एसीच्या खोलीतही हवेतलं बाष्प काढून घेतलं जातं. नाक चोंदल्यामुळे रात्रभर तोंडाने श्वास घेणाऱ्याचे ओठ सकाळी वाळलेले असतात, कारण हवेचा झोत तासन् तास त्यांच्यावरूनच जातो. अशा वेळी ओठांइतकंच नाकाकडेही लक्ष द्यायला हवं.

मग करायचं काय? पाणी भरपूर प्या, हा सल्ला सगळे देतात. शरीरात पाणी कमी पडलं असेल तर तो बरोबरच आहे. पण व्यवस्थित पाणी पिणाऱ्याने आणखी चार पेले प्यायल्याने ओठ बरे होत नाहीत, कारण अडचण गळतीची आहे. गळती थांबवायला वरून झाकण लागतं, आणि त्यासाठी साध्या पेट्रोलियम जेलीइतकं चांगलं काही क्वचितच सापडेल. रॉबर्ट चेसब्रो हा रसायनतज्ज्ञ १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर गेला होता. तिथले कामगार पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट थर कापल्या-भाजल्यावर लावत. तो शुद्ध करून १८७२ मध्ये चेसब्रोने पेटंट मिळवलं आणि त्याला व्हॅसलीन हे नाव दिलं. ही जेली ओठांना पाणी देत नाही. असलेलं पाणी उडू देत नाही, आणि त्या आडोशाखाली त्वचा स्वतःच दुरुस्त होते. म्हणून ती ओठ किंचित ओलसर असताना लावावी: तोंड धुऊन हलकं टिपल्यावर, जेवणानंतर, आणि झोपताना जाडसर. पापुद्रे ओढून काढू नयेत. खालची कोवळी पेशी अजून तयार नसते, आणि ओठांना रक्तपुरवठा मुबलक असल्याने लगेच रक्त येतं.

लिप बाम घेताना ‘थंडगार’ वाटणाऱ्याच्या मोहात पडू नका. मेंथॉल ओठ थंड करत नाही. ते त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना फक्त चेतवतं. (हे ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना स्पर्श आणि तापमानाच्या संवेदनेवरील कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं.) मेंथॉल, कापूर, फिनॉल, सॅलिसिलिक आम्ल, दालचिनी किंवा पुदिन्याचा स्वाद, सुगंध यांनी फुटलेला ओठ आणखी चिडतो. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. झोंबलं तर ते पुसून टाका. ओठ वारंवार का फुटतात हे कळतच नसेल, तर टूथपेस्ट बदलून पाहा. तिच्यातला स्वाद किंवा फेस आणणारा पदार्थ कारण असू शकतो.

उन्हाचा विचार फार थोडे लोक करतात. खालचा ओठ वरच्यापेक्षा थेट उन्हात येतो. बाहेर जास्त वेळ असाल, तर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक असलेला, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला बाम निवडा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्याच्या खालच्या ओठावर न जाणारा खरखरीत पांढुरका चट्टा आला, किंवा ओठ आणि त्वचेमधली रेघ पुसट झाली, तर तो साधा कोरडेपणा समजू नये. त्यातून कर्करोग होऊ शकतो, आणि लवकर दाखवलं तर उपचार सोपे असतात.

फक्त ओठांचे कोपरे चिरत असतील, तर तिथे बहुधा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो. कधी मागे लोहाची किंवा बी गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता असते, कधी नीट न बसणारी कवळी. तिथे नुसती जेली पुरत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या जवळजवळ सर्वांचे ओठ सुकतात. ते औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि दोन-तीन आठवडे नेटाने काळजी घेऊनही ओठ भरून येत नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.